बायकोच्या रक्ताचं पासिंग

माझ्या बायकोच्या छातीत धातूची झडप आहे. बसवून सहा वर्षं झाली. लहानपणी सिल्लोडकडच्या तिच्या गावी ती मेंढरांमागे हिंडायची, तेव्हा तिला एकदा मोठा ताप आला होता आणि सांधे सुजले होते. घरच्यांनी त्याकडे फारसं बघितलं नाही. त्या तापानं हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती, हे आम्हाला कळलं ती पन्नाशीला टेकल्यावर, मुकुंदवाडीतल्या आमच्या घराचा जिना चढताना तिला धाप लागायला लागली तेव्हा. मी ट्रकचा मेकॅनिक. चाळीस वर्षं इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवले. त्यामुळे डॉक्टर मॅडम कागदावर चित्र काढून झडप समजावायला लागल्या, तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवून म्हटलं, "मॅडम, व्हॉल्व्हचं मला सांगू नका. पुढचं सांगा."

पुढचं असं होतं. धातूच्या झडपेवर रक्त गोठू शकतं. ती गाठ सुटून मेंदूत गेली तर हात जातो, पाय जातो, वाचा जाते, नाहीतर माणूसच जातं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. गोळी कमी पडली तर गाठ होते आणि जास्त झाली तर रक्त वाहायला लागलं की थांबत नाही. गोळी नीट लागू पडते का, हे बघायला दर महिन्याला रक्त तपासायचं. रिपोर्टात एक आकडा येतो. आमच्या बाबतीत तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये पाहिजे, असं मॅडमनी कागदावर लिहून त्याभोवती गोल काढून दिला. आकडा खाली म्हणजे रक्त घट्ट, आकडा वर म्हणजे रक्त फार पातळ.

मला त्या आकड्याची भीती वाटायची, हे आधीच कबूल करतो. बायकोला वाटायची नाही. ती दंड पुढे करायची, रक्त द्यायची आणि घरी येऊन कामाला लागायची. औरंगपुऱ्यातल्या लॅबमधून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट मिळायचा. तो आणायला मी एकटा जायचो, कारण तो हातात घेताना माझा चेहरा कसा होतो हे तिनं बघावं असं मला वाटत नव्हतं. आकडा बरोबर असला की परत येताना मी गाडीवर शीळ घालायचो. बरोबर नसला की घरी येऊन कशावरून तरी चिडायचो. चहा गार झाला, पंखा कुणी चालू ठेवला, काहीही पुरायचं.

पहिल्या वर्षी आकडा सारखा खाली यायचा. मॅडमनी दिलेला कागद मी नीट वाचला तेव्हा कारण सापडलं. हिरव्या पाल्यात असं काही असतं की त्यानं गोळीचा जोर कमी होतो. आणि माझी बायको पाल्यावरच वाढलेली. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, करडई, बांधावरची पाथरी, बारा महिने मेथी. हरभऱ्याच्या पाल्यात कांदा, तिखट, मीठ आणि तेल घालून ती घोळाणा करते आणि भाकरीबरोबर असा खाते की बघणाऱ्याला भूक लागावी. मी फर्मान काढलं, आजपासून पाला बंद. तिनं वाद घातला नाही. नुसती जेवण कमी करत गेली. दीड भाकरी खाणारी बाई अर्ध्यावर आली. विचारलं तर म्हणायची, "घास गिळंना. वरनाला काय चव हाय?" पंधरा दिवसांत माझाच धीर सुटला.

कागदावर दुसरी ओळही होती. पालेभाजी बंद करू नये, रोज सारख्या प्रमाणात खावी. ती मी वाचली आणि सोडून दिली. रोज सारखं प्रमाण म्हणजे रोज मोजमाप, आणि आमच्या घरात मोजून भाजी खाल्ल्याचं कुणाला आठवत नाही. मी मला जमणारा रस्ता काढला.

तो रस्ता मला गॅरेजनं शिकवला होता. गाडीला ठराविक मुदतीनं पासिंगला न्यावं लागतं. सरकारी साहेब गाडी तपासतो आणि ती रस्त्यावर चालवायला लायक आहे असं लिहून देतो. आता जुना ट्रक काळा धूर सोडतो, मालकाला दमदार ओढ पाहिजे असते म्हणून डिझेल जास्त सोडलेलं असतं. पासिंगच्या आदल्या दिवशी मी पंपाचा स्क्रू जरा फिरवायचो. ओढ कमी व्हायची, धूर साफ. दुसऱ्या गाडीचे दोन चांगले टायर पुढे लावायचो. गाडी नव्या नवरीसारखी जायची आणि पास होऊन यायची. संध्याकाळी टायर ज्याचे त्याला, आणि स्क्रू परत होता तिथं. या कामात माझा हात धरणारा जालना रोडला दुसरा नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटत नव्हती.

बायकोच्या रक्ताचंही मी तेच केलं. तपासणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. मी तिला सांगितलं, "मॅडमनी सांगितलंय, तपासणीच्या आधी आठ दिवस पाला खायचा नाय. साखरेच्या तपासणीला उपाशीपोटी जातात ना, तसं हाय हे." तिला ते पटलं. तीन आठवडे तिनं पोटभर पाला खायचा आणि चौथ्या आठवड्यात वरण, बटाटा, वांगं. सोमवारी रक्त. मंगळवारी मी औरंगपुऱ्यातून शीळ घालत घरी. आकडा तीन, दोन पॉइंट नऊ, तीन पॉइंट एक. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "काका, फार छान सांभाळताय." मी नाक वर करून बाहेर आलो. बायको खूश, मॅडम खूश, मी तर फारच खूश. चार वर्षं हे असं बिनबोभाट चाललं.

मागच्या हिवाळ्यात एका तपासणीला आकडा तीन पॉइंट आठ आला. थोडा वर. त्या आठवड्यात बायकोला सर्दी होती, तिचं जेवणच कमी होतं. मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि गोळी थोडी कमी केली. त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी कागदावर जे दिसलं त्यावर निर्णय घेतला, आणि कागदावर काय दिसावं हे मी ठरवलेलं होतं. तपासणी झाली त्याच संध्याकाळी मेव्हण्यानं शेतातून हरभऱ्याच्या पाल्याची पिशवी पाठवली. मग आठवड्यानं दुसरी. गोळी कमी झाली आणि पाला वाढला. हे दोन्ही एकदम झालं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तपासणीनंतर सोळाव्या दिवशी सकाळी बायको खाली बसून भाकरी थापत होती. मी शेजारी स्टुलावर बसून चहा घेत होतो. थापता थापता तिचा उजवा हात थांबला. भाकरी काठाकडून फाटली. ती हाताकडे बघत बसली आणि काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. शब्द जड होते, जिभेखाली काही धरल्यासारखे. मी म्हटलं, "काय गं?" ती परत बोलली, परत तसंच. मग तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

पुढचं सांगायची मला लाज वाटते. मी स्वतःला म्हणालो, दोन आठवड्यांपूर्वीच आकडा वर होता, रक्त पातळच होतं, गाठ व्हायचं कारण नाही. हातावर झोपली असेल. मीच स्क्रू फिरवून पास केलेल्या गाडीवर मीच भरवसा ठेवून बसलो होतो. दहा मिनिटांत तिचा हात हलायला लागला, बोलणंही नीट झालं. ती म्हणाली, "काय झालं नाय मला. मुंग्या आल्या व्हत्या. पीठ वाळंल, मला भाकरी करू द्या." आणि खरंच करायला बसली.

मी तिला करू दिली असती. पण ताटात ती फाटलेली भाकरी होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तिच्या हातची भाकरी फाटलेली मी कधी बघितली नव्हती. मी गॅस बंद केला. ती रागावली, मी तिच्यावर ओरडलो, आणि आम्ही भांडत भांडत रिक्षात बसलो.

दवाखान्यात गेल्यावर मॅडमनी तिला लगेच आत घेतलं. मला वाटलं, आता दंडातून रक्त काढतील, ते लॅबला जाईल, आणि उद्या संध्याकाळपर्यंत मी काय करू? पण तपासणीच्या खोलीत एक बाई होत्या, जुन्या शहराकडच्या, डोक्यावर ओढणी घेतलेल्या. त्यांनी मोबाइलएवढं एक मशीन टेबलावर ठेवलं. बायकोच्या बोटाला टोचलं, रक्ताचा एक थेंब पट्टीला लावला आणि पट्टी मशीनमध्ये. मिनिटभरात आकडा आला. एक पॉइंट चार.

मी म्हटलं, "मशीन खराब आहे."

बाई शांतपणे म्हणाल्या, "चाचा, सुबहच चेक करी मैं."

"परत करा. सोळा दिवसांपूर्वी तीन पॉइंट आठ होता. एवढं खाली येतंय कुठं? आमच्या गॅरेजात असलं मीटर मी भंगारात टाकलं असतं."

मी आवाज चढवला होता. बाहेर बसलेले लोक बघायला लागले. बाईंनी दुसरं बोट टोचलं, नवी पट्टी घेतली. एक पॉइंट चार. मी परत तोंड उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चाचा, आप खून पतला करने की गोली लेते क्या?"

मी म्हटलं, नाही.

"तो उंगली दो."

मी रागानं बोट पुढे केलं. टोचलं, थेंब, पट्टी, मिनिटभर वाट. आकडा आला एक. बाईंनी मशीन माझ्याकडे वळवलं आणि मराठीत म्हणाल्या, "ज्याला गोळी नाही त्याचा एवढाच येतो. मशीन बरोबर आहे."

मी ते एक आणि एक पॉइंट चार किती वेळ बघत होतो मला माहीत नाही. छातीत काहीही नसलेला माझ्यासारखा माणूस आणि धातूची झडप घेऊन फिरणारी माझी बायको, आमच्या दोघांच्या रक्तात एवढाच फरक होता. ती चार वर्षं रोज न चुकता गोळी घेत होती, आणि महिन्यातले किती दिवस ती अशीच उघड्यावर होती, कोण जाणे. बाईंनी माझ्याकडे खुर्ची सरकवली.

मॅडमनी विचारलं, "गोळी चुकली का?" बायको म्हणाली, नाही. "जेवणात काही बदल?"

बायकोला मात्र लपवायचं काही कारणच नव्हतं. ती भाबडेपणानं म्हणाली, "नाय जी, समदं तुमी सांगितल्याप्रमानं. तपासनीच्या आधी आठ दिस पाला बंद. तपासनी झाली की मंग खाते. आता हरभरा लई आलाय, रोजच खाते."

"आठ दिवस बंद करायला मी सांगितलं?"

"व्हय की. यांच्यापाशी निरोप दिला व्हता तुमी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बायकोनंही बघितलं. मग मी सगळं सांगितलं, पासिंगसकट. मला वाटलं मॅडम कडाडतील. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "काका, त्या सोमवारी त्यांचं रक्त कसं होतं हे मला कळून काय उपयोग? इतर दिवशी कसं असतं ते बघायला तर आपण तपासतो." मग त्यांनी रक्त लगेच पातळ व्हावं म्हणून पोटात द्यायचं इंजेक्शन लिहिलं, डोक्याचं स्कॅन सांगितलं आणि झडपेची सोनोग्राफी.

त्या दुपारी मी बाकावर बसलो होतो. स्कॅन साफ आलं होतं, पण झडपेवर गाठ बसली आहे का हे अजून कळायचं होतं. हात सुन्न झाला ती गाठीची बारीक कणी असणार, मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मागे मोठी असली तर पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागेल. मी देव फारसा मानत नाही, पण त्या दिवशी आमच्या दोन्ही घरच्या सगळ्या देवांना बोलावून झालं. ही बाई गेली तर ती माझ्या शहाणपणानं जाईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग मला आत बोलावलं. पडद्यावर बायकोचं हृदय हलत होतं. मॅडमनी बोट ठेवून दाखवलं, झडपेची दोन पानं. दोन्ही पूर्ण उघडत होती, पूर्ण मिटत होती. "गाठ दिसत नाही," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात." चाळीस वर्षं मी व्हॉल्व्ह बघितले, पण एवढं नीट चालणारं काही बघितल्याचं आठवत नाही. मी तिथेच उभ्या उभ्या रडलो. बायको पलंगावरून म्हणाली, "आता काय झालं ह्यांना?"

पाच दिवसांनी ती घरी आली. त्या पाच दिवसांत मशीनवाल्या बाई रोज बोट टोचायच्या आणि आकडा तिथल्या तिथे सांगायच्या. एक पॉइंट सात, दोन पॉइंट एक, दोन पॉइंट सहा. इतक्या पटकन उत्तर मिळतं याची मला सवय झाली. निघताना मी बाईंची माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सब लोग मशीनकोच बोलते चाचा."

आता आमचं असं आहे. रोज दुपारी एक वाटी पालेभाजी, ना कमी ना जास्त. वाटी बायकोनंच निवडली आणि अर्थातच घरातली सगळ्यात मोठी निवडली. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण रोज हीच. त्या वाटीच्या हिशोबानं त्यांनी गोळी नव्यानं बसवून दिली. तपासणीचा सोमवार रद्द झाला. पंधरा-वीस दिवस झाले की बायको एखाद्या सकाळी चप्पल घालून म्हणते, "चला, बोट टोचून येऊ." आधी सांगत नाही. माझ्यावर तिचा तेवढा भरवसा उरलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

बाकी तिनं मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. ती भांडली असती तर मीही भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

मागच्या महिन्यात आम्ही असेच गेलो. थेंब, पट्टी, मिनिटभर. आकडा आला दोन पॉइंट दोन. बाई म्हणाल्या, "थोडा कम आया चाचा." बायकोनं माझ्या तोंडाकडे बघितलं. पूर्वी मी चिडलो असतो, घरी जाऊन चहावर राग काढला असता. खरं सांगतो, या खेपेला बरं वाटलं. कमी आहे तर आत्ता कळलं, आजच कळलं. मी म्हटलं, "आहे तेच लिहा." मॅडमनी आठवड्यातून दोन दिवस अर्धी गोळी वाढवली आणि दहा दिवसांनी परत बोलावलं.

परत येताना जालना रोडला सिग्नल लागला. तिथं गाडीवर बसल्या बसल्या मी मान न वळवता म्हटलं, "चुकलं माझं. आकडा वाईट आला की मला सहन व्हायचं नाय, म्हून केलं तसं."

मागून ती म्हणाली, "म्हंजी गोळी मी खायची, आन आकडा तुमाला पायजे व्हता."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी गाडी काढली आणि तसंच पुढे बघत म्हटलं, "आकडा ऱ्हाऊ दे. मला तू पायजेस."

तिनं माझ्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला आणि म्हणाली, "समोर बघून गाडी चालवा."